पायी नर्मदा परिक्रमा पूर्ण करायची असेल तर: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

परिक्रमा, म्हणजे दोन्ही तटांनी नर्मदेला घातलेली पूर्ण प्रदक्षिणा, अर्धवट सोडून परतलेल्यांशी मी पुष्कळ बोललो आहे. श्रद्धा कमी पडली म्हणून परत आलेला त्यांत एकही नव्हता. टाच धरली, अंगठ्याचं नख निघालं, फोड चिघळला, कंबर गेली, ही कारणं. आणि जवळजवळ प्रत्येकाची गोष्ट पहिल्या पंधरा दिवसांतली. शूलपाणीची झाडी (सातपुड्यातलं जंगल) किंवा उगमाकडचा अमरकंटकचा घाट लोकांना परत पाठवत नाही. परत पाठवतं ते सपाट रस्त्यावरच्या पहिल्या आठवड्यातलं जादा ओझं आणि जादा वेग.

म्हणून या लेखात महात्म्य आणि अनुभवकथन बाजूला ठेवलं आहे. कोणत्या क्रमाने काय करायचं आणि लोक नेमके कुठे चुकतात, एवढंच सांगतो. मार्ग ओंकारेश्वरहून सुरू होणारा धरला आहे, कारण महाराष्ट्रातले बहुतेक जण तिथूनच परिक्रमा उचलतात, म्हणजे सुरू करतात. परिक्रमा काठावर कुठूनही सुरू करता येते, फक्त जिथून उचलली तिथेच पूर्ण करावी लागते.

## टप्पा १: तारीख ठरवा, पण उलटा हिशोब करून

नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर. दोन्ही तट, धरणांच्या जलाशयांचे वळसे आणि गावातून गावात जाणाऱ्या वाटा धरल्या तर पायाखालून तीन ते साडेतीन हजार किलोमीटर जातात. परंपरेने सांगितलेला काळ ३ वर्षं ३ महिने १३ दिवसांचा असला, तरी आज बहुतेक जण चार ते सहा महिन्यांत पूर्ण करतात. चातुर्मासात चालायचं नाही, एका जागी थांबायचं असतं. म्हणजे कार्तिकी एकादशीनंतर निघायचं आणि आषाढीच्या आत पोचायचं.

लोक इथेच चुकतात. आषाढीपर्यंत वेळ आहे म्हणून डिसेंबर-जानेवारीत निघतात. मग परतीचा दक्षिण तट एप्रिल-मे महिन्यांत येतो. नर्मदापुरम ते खंडव्याच्या पट्ट्यात तेव्हा पारा चाळिशी ओलांडतो आणि सकाळी दहानंतर चालणं धोक्याचं होतं. कार्तिकी पौर्णिमेच्या आसपास निघालात तर डिसेंबरच्या मध्यावर समुद्र, फेब्रुवारीत अमरकंटक आणि एप्रिलच्या सुरुवातीला पुन्हा ओंकारेश्वर, असा हिशोब बसतो.

तपासणी: एकूण दिवस धरताना दर आठवड्याला एक पूर्ण विश्रांतीचा दिवस आणि आजारपणासाठी वेगळे दहा दिवस धरले आहेत का? परतीचं आरक्षण आधी करू नका. ठरलेली तारीख डोक्यात बसली की दुखऱ्या पायानेही माणूस चालत राहतो.

## टप्पा २: तीन महिने आधी पाय घडवा

जिममधला ट्रेडमिल इथे फारसा उपयोगी पडत नाही. पायांना सवय हवी ती लागोपाठच्या दिवसांची. एका दिवसात ३० किलोमीटर पुष्कळांना जमतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी तेवढंच चालायची वेळ आली की खरी परीक्षा होते.

पहिल्या महिन्यात रोज सहा-आठ किलोमीटर, पाठीवर काही नाही. दुसऱ्यात चार किलो वजन घेऊन, रविवारी पंधरा किलोमीटर. तिसऱ्यात पूर्ण भरलेली सॅक आणि प्रत्यक्ष नेणार तेच बूट, शनिवार-रविवार लागोपाठ वीस-वीस. शेवटी एकदा सलग तीन दिवस.

तपासणी: त्या तीन दिवसांनंतर चौथ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठून पहिली दहा पावलं टाका. टाचेखाली खिळा टोचल्यासारखी कळ आली तर तळव्याचा स्नायुबंध सुजला आहे. तो शांत होईपर्यंत निघू नका. रस्त्यावर तो बरा होत नाही, वाढतच जातो.

## टप्पा ३: बूट

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

संध्याकाळी बूट घ्यायला जा, दिवसभराच्या चालण्याने पाय फुगलेले असतात. नेहमीच्या मापापेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा घ्या. महिनाभर चालल्यावर पाऊल पसरतं. बूट घालून दुकानातल्या पायरीवरून उतरून बघा. बोटं पुढे टेकत असतील तर पहिल्याच उतारावर नख काळं पडणार.

घोट्यापर्यंतचे जड, वॉटरप्रूफ ट्रेकिंग शूज या वाटेसाठी चुकीचे आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे. मार्गाचा मोठा भाग शेतातल्या पायवाटा, कच्चे रस्ते आणि डांबर असा आहे. उन्हात असे बूट आतून ओले होतात आणि ओली कातडी लवकर सोलते. हलके, हवा खेळणारे, जाड तळव्याचे बूट पुरतात. एक जोड संपूर्ण परिक्रमा टिकेल असं धरू नका, मध्ये एकदा तरी बदलावा लागतो. त्याच मापाचा दुसरा जोड घरी तयार ठेवा आणि मागवून घ्या.

मोजे सुती नकोत. घाम धरून ठेवतात. तीन जोड न्या: एक पायात, एक सॅकवर वाळत, एक फक्त झोपताना घालायला कोरडा.

काही जण संकल्प म्हणून अनवाणी चालतात. लहानपणापासून सवय असेल तर वेगळी गोष्ट. सवय नसताना केवळ भावनेच्या भरात ओंकारेश्वरला चप्पल सोडू नका. बाभळीचा काटा मोडून आत राहिला तर आठवडा जातो.

## टप्पा ४: पाठीवरचं ओझं सात किलोच्या आत

पाणी सोडून सात. मी पहिल्यांदा निघालो तेव्हा माझी सॅक तेरा किलोची होती. नवव्या दिवशी एका गावच्या पोस्टात मी पाच किलोचं पार्सल घरी पाठवलं. त्यात एक जाडजूड पोथी, दोन जास्तीचे कपडे, स्टोव्ह, डबा आणि अर्धा किलो सुकामेवा होता. पार्सल गेल्यावर दुसऱ्या दिवशी गुडघ्याची कळ थांबली, इतका सरळ संबंध आहे.

काय न्यायचं: अंगावरचे धरून कपड्यांचे दोन जोड (पांढरे, सुती-मिश्र, लवकर वाळणारे), एक गरम स्वेटर, कानटोपी, हलकी स्लीपिंग बॅग, कॅरीमॅट, एकाला पुरेल एवढी मच्छरदाणी, प्लॅस्टिकचा मोठा कागद, ताट-वाटी-पेला, डोक्याला लावायची टॉर्च, छोटी पॉवर बँक, औषधं, सुई-दोरा, वही. हातात दंड, म्हणजे काठी. ती उतारावर, ओढ्यात आणि कुत्र्यांपुढे तिन्ही ठिकाणी लागते.

जलाची बाटली वेगळी. संकल्पाच्या वेळी नर्मदेचं जल त्यात भरून ते शेवटपर्यंत सोबत राहतं आणि रोज त्याची पूजा होते. काचेची नको. घट्ट झाकणाची, लहान, आणि सॅकच्या बाहेरच्या खिशात न ठेवता आत कपड्यात गुंडाळलेली.

सॅक भरताना जड वस्तू पाठीला लागून, खांद्याच्या खाली आणि कमरेच्या वर. कमरेचा पट्टा कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर घट्ट बसवा, मग खांद्याचे पट्टे ओढा. बहुतेक जण उलटं करतात आणि सगळं वजन खांद्यावर घेतात.

तपासणी: सॅक पाठीवर घेऊन कमरेचा पट्टा बांधल्यावर खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत.

## टप्पा ५: कागदपत्रं, औषधं, घर

आधारच्या तीन-चार छायाप्रती, आणि घरच्यांचा नंबर लिहिलेला कागद सॅकमध्येही आणि खिशातही. निघण्याच्या ठिकाणी परिक्रमावासी असल्याचा दाखला घेऊन ठेवा. पुढे आश्रमांत आणि ग्रामपंचायतींत वहीवर शिक्के घेत जा. मुक्कामाला अनोळखी माणूस म्हणून कोणी अडवलं तर हीच वही बोलते.

निघण्याआधी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, दातांची तपासणी करून घ्या. बीपी-शुगरच्या गोळ्या महिनाभराच्या न्या आणि त्यांची मूळ औषधी नावं वहीत लिहा. लहान गावात तुमचा ब्रँड मिळणार नाही, औषध मिळेल.

घरच्यांना रोज फोन करण्याचं कबूल करू नका. एक दिवस रेंज गेली की घर हवालदिल होतं. दर तीन दिवसांनी, आणि झाडीत आठवडाभर फोन येणार नाही, असं आधीच सांगून ठेवा.

## टप्पा ६: संकल्प

दक्षिण तटावरच्या घाटावर क्षौर, स्नान, नर्मदापूजन, जल भरणं, कन्यापूजन आणि कढाईचा (शिऱ्याचा) प्रसाद, असा साधारण क्रम. संकल्प सोडताना पुजाऱ्याला तीन गोष्टी स्पष्ट विचारून वहीत लिहून घ्या: बाटलीतलं जल वाटेत कुठे अर्पण करून पुन्हा भरायचं, आजारपणात काय करायचं, आणि शेवटी पूर्तीचा विधी कोणत्या घाटावर. वाटेत प्रत्येक जण वेगळं सांगतो. तुमच्याकडे एक उत्तर लिहिलेलं असलं की मन डळमळत नाही.

सावधान: ओंकारेश्वराचं मंदिर मांधाता बेटावर आहे. त्याचं दर्शन संकल्पाच्या आधीच घ्या. संकल्प झाल्यावर बेटाकडे जाणारा पूल तुमच्यासाठी बंद, कारण परिक्रमेत नर्मदा ओलांडायची नसते.

## टप्पा ७: पहिले पंधरा दिवस

हा भाग दोनदा वाचा.

पहिले पाच दिवस दहा ते बारा किलोमीटर. पुढचे पाच, पंधरा. त्यानंतरचे पाच, अठरा. सोळाव्या दिवसापासून बावीस ते पंचवीस. एवढंच. पहिल्या दिवशी अंगात उत्साह भरलेला असतो, सोबतचे झपाझप पुढे जातात, दुपारी दोनलाच मुक्काम येतो आणि वाटतं, अजून दोन तास आहेत की. तिथेच थांबा. माझ्यासोबत निघालेले एक निवृत्त काका रोजचे फिरायला जाणारे, तब्येतीने माझ्यापेक्षा चांगले. पहिले चार दिवस त्यांनी तीस-तीस किलोमीटर मारले. बडवानीच्या आधीच त्यांची नडगी इतकी सुजली की डॉक्टरांनी महिनाभर चालायला बंदी घातली. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, हाडं आणि स्नायुबंध त्याहून बराच वेळ घेतात. दुखत नाही म्हणजे झेपतंय, असा अर्थ सुरुवातीला होत नाही.

दिवसाचा क्रम असा लावा. पहाटे उजाडताच निघायचं, अंधारात नाही. दर पन्नास मिनिटांनी दहा मिनिटं थांबायचं आणि प्रत्येक थांब्यावर बूट-मोजे दोन्ही काढायचे. हे लाजेखातर कोणी करत नाही, पण फोड टाळण्याचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही. मोजे उलटे करून सॅकवर पसरा, पाय उंच करून बसा. संध्याकाळी साडेचारच्या आत मुक्काम पकडा. आश्रमात शिरल्यावर "नर्मदे हर" म्हणा. "कितनी मूर्ती?" असं विचारतील, म्हणजे किती जण. मग "आसन लगा लो" सांगतील, म्हणजे अंथरूण टाका. महिला सोबत असतील किंवा एकट्या असतील तर उजेडात पोचणं आणखी महत्त्वाचं, जागा नीट बघून निवडता येते.

आता फोड. चालताना तळव्यावर किंवा टाचेवर एक ठिकाणी गरम गरम लागायला लागतं. फोड अजून आलेला नसतो. त्याच पावलाला थांबा. पुढच्या झाडापर्यंत जाऊ असं म्हणू नका. पाय कोरडा करा, त्या जागेवर कागदी चिकटपट्टी सुरकुती न पडू देता लावा, तिचे कोपरे कात्रीने गोल करा, नाहीतर मोज्यात अडकून उचलतात.

फोड आलाच आणि लहान असेल तर फोडू नका, झाका. मोठा, ताणलेला आणि चालू न देणारा असेल तर संध्याकाळी, मुक्कामावर: हात आणि पाय साबणाने धुवा. सुई स्पिरिटने पुसा. फोडाच्या कडेला, अगदी खालच्या बाजूला, दोन ठिकाणी बारीक टोचा. स्वच्छ कापसाने हलकं दाबून पाणी काढा. वरची कातडी तशीच ठेवा, ती सोलली की आतला लाल भाग उघडा पडतो आणि दुसऱ्या दिवशी पाऊल टेकवत नाही. मलम, जाळीचं कापड, पट्टी. वाटेत कोणीतरी तुम्हाला फोडातून दोरा ओवून तो आत ठेवायला सांगेल. नका ठेवू. धुळीच्या वाटेवर तो दोरा जंतू आत नेतो.

थांबण्याची खूण: फोडाभोवती लाली पसरत असेल, जागा गरम लागत असेल, पू किंवा ताप असेल, तर चालणं बंद आणि डॉक्टर. त्या रात्रीच.

जांघा आणि काखा घासतात, तिथे सकाळी निघतानाच व्हॅसलीन लावा. नखं दर आठवड्याला सरळ कापा, कोपरे आत खोल कापू नका. रात्री पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, टाचांना कोकमतेल लावा, टॉर्च धरून तळवा बघा. पंधरा मिनिटं लागतात.

खाण्याचं एक. पहिल्या आठवड्यात आग्रहाने इतकं वाढतात की माणूस जड होऊन चालतो, आणि गावोगावी मिळणारा चहा भरपूर गोड असतो. मधुमेह असेल तर स्पष्ट सांगा, कोणी वाईट वाटून घेत नाही. काही ठिकाणी शिजवलेलं अन्न नसतं, सदाव्रत मिळतं: पीठ, डाळ, तांदूळ. चुलीवर टिक्कड (जाड रोट्या) भाजता यायला हवेत. घरी चार वेळा करून बघा.

## टप्पा ८: मैया उजव्या हाताला

नियम एका वाक्याचा आहे. नदी कायम उजव्या हाताला, आणि तिचा प्रवाह ओलांडायचा नाही. उपनद्या ओलांडायला हरकत नाही. तरीही नकळत चुका होतात, कारण प्रवाह कुठे आहे हे दिसत नाही.

बेटं सगळ्यात फसवी. भरूचजवळचं कबीरवड बेटावर आहे. सरदार सरोवर धरणाच्या खाली असलेला एकतेचा पुतळाही (स्टॅच्यू ऑफ युनिटी) नदीपात्रातल्या साधू बेटावर आहे. भेडाघाटला नौकाविहार आहे, चांदोदला संगमावर नेणाऱ्या होड्या आहेत. या सगळ्या ठिकाणी परिक्रमेत असताना काठावरूनच हात जोडा. मोठ्या पुलाजवळ पोचलात की तो नर्मदेवरचा आहे की उपनदीवरचा, हे विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

गावकरी प्रेमाने मोटरसायकलवर बसवू पाहतात. पायी संकल्प असेल तर नम्रपणे नाही म्हणा. आजारपणात गाडी लागली तर आपल्याच तटावरचं रुग्णालय गाठा, आणि बरं झाल्यावर जिथे चालणं थांबलं होतं त्याच जागी परत येऊन पुढे निघा. दक्षिण तटाला बडवानी, राजपीपळा, अंकलेश्वर, नर्मदापुरम. उत्तर तटाला भरूच, महेश्वर, जबलपूर. ही यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

पाण्याचा धोका: बरगी, इंदिरा सागर आणि ओंकारेश्वर धरणांच्या खाली पात्र कोरडं दिसतं, खडक उघडे असतात आणि आंघोळीला आत जायचा मोह होतो. पाणी सोडलं की ते काही मिनिटांत चढतं. एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यातल्या धाराजीला असंच पाणी चढून जत्रेतले अनेक भाविक वाहून गेले. घाटावरच, कमरेच्या आत, काठाला धरून आंघोळ करा. भोंगा वाजला तर कपडे सोडून वर पळा. उपनदी पार करताना गुडघ्याच्या वर पाणी असेल तर गावातल्या माणसाला पुढे घाला, किंवा वळसा घालून पूल गाठा. सॅकचा कमरेचा पट्टा आधी सोडा, म्हणजे घसरलात तर ती झटकन टाकता येते.

## टप्पा ९: शूलपाणीची झाडी

ओंकारेश्वर सोडल्यावर रावेरखेडी, तेली भट्ट्याण, नावडातोडी करत बडवानीपर्यंत वाट सोपी आहे. तिथून खरा निर्णय. झाडीतून जायचं की खेतिया, शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा असा रस्त्याने?

झाडीची वाट सातपुड्यातून जाते, वस्त्या विरळ, चढ उभे, फोनला रेंज नाही. सरदार सरोवराच्या पाण्याने जुन्या काठच्या वाटा बुडाल्या, त्यामुळे आताची वाट डोंगरावरून वर-खाली होत राहते. गुडघे ठणकत असतील, जुलाब झाले असतील, किंवा एकटे असाल आणि पहिलीच वेळ असेल, तर रस्त्याने जा. त्यात कमीपणा काही नाही.

झाडीतून जायचं ठरलं तर बडवानीला एक पूर्ण दिवस थांबा. कपडे धुवा, पॉवर बँक भरा, दोन दिवसांचा कोरडा शिधा घ्या, ओआरएसची पाकिटं घ्या आणि पाकिटावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात विरघळवायची हे लक्षात ठेवा. किमान तिघं-चौघं मिळून निघा. पाणी हातपंपाचं घ्या. ओढ्याचं घ्यावं लागलंच तर क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. दिशा विचारताना "किती लांब" न विचारता "चालत पोचायला सूर्य कुठे येईल" असं विचारलं तर उत्तर बरोबर मिळतं. भिल्ल-पावरा कुटुंबं आपल्या घरात जागा देतात. त्यांच्याकडे स्वतःपुरतंच असतं, म्हणून जवळचा शिधा आधी पुढे करा.

## टप्पा १०: समुद्र ओलांडणं

राजपीपळा, अंकलेश्वर, हांसोट करत विमलेश्वरला आलात की दक्षिण तट संपतो. तिथून नाव खाडीच्या मुखाबाहेरून मिठी तलाईला नेते, म्हणजे नदी न ओलांडता तिला समुद्रातून वळसा पडतो. तीन-चार तास लागतात.

नाव घड्याळावर सुटत नाही, भरतीवर सुटते. कधी पहाटे, कधी मध्यरात्री. पोचताच नावनोंदणी करा आणि एक-दोन दिवस थांबायची तयारी ठेवा. हांसोटच्या पुढे पाणी खारट होत जातं, पिण्याचं पाणी भरूनच पुढे व्हा. नावेकडे चिखलातून जावं लागतं: बूट सॅकमध्ये, सॅक प्लॅस्टिकमध्ये, मोबाइल आणि औषधं वेगळ्या घट्ट पिशवीत. नावेत लघवीची सोय नसते, म्हणून आधीचे दोन तास पाणी बेताने. उलटीची गोळी अर्धा तास आधी घ्या. कडेला उभं राहून फोटो काढणाऱ्यांच्या जवळ बसू नका.

## टप्पा ११: उत्तर तट

भरूच, नारेश्वर, चांदोद, गरुडेश्वर, महेश्वर, नेमावर, बुधनी, बरमान, जबलपूर. सर्वात लांब टप्पा, पण पाय आता घडलेले असतात, वाटही मुख्यतः सपाट. इथली चूक एकच: कंटाळा आल्यामुळे वेग वाढवणं आणि आठवड्याची विश्रांती टाळणं. दर सात दिवसांनी थांबाच. बरगीच्या जलाशयाजवळ काठ सोडून बराच आत वळसा पडतो. नदी दोन-तीन दिवस दिसणार नाही. घाबरून शॉर्टकट काढू नका, प्रत्येक गावात परिक्रमा मार्ग विचारत चला.

कुत्रा चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. पुढचे डोस वेगवेगळ्या गावांच्या सरकारी दवाखान्यांत घ्यावे लागतील, म्हणून कार्ड जपा. सापाचा संशय आला तरी १०८ ला फोन. जागा कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही करू नका.

## टप्पा १२: अमरकंटकचं वळण

सुमारे एक हजार मीटर उंचीवरचं गाव. फेब्रुवारीतही रात्री बोचऱ्या थंडीच्या असतात. नदी इथे इतकी लहान होते की अनवधानाने ओलांडली जाते, पुष्कळांची परिक्रमा इथेच खंडित होते. उगमाच्या मंदिराजवळ न थांबता आधी माई की बगिया या बागेच्या मागून वळसा पूर्ण करायचा. गावात कुठेही फिरायच्या आधी स्थानिक माणसाला सोबत घेऊन ती वाट चालून घ्या. कपिलधारा धबधब्यापाशीही खडकांवरून पलीकडे जाऊ नका. इथे दोन दिवस विश्रांती घ्या आणि बुटांचे तळवे तपासा.

## टप्पा १३: परतीचा दक्षिण तट

आता सगळं उन्हाशी जुळवायचं. पहाटे निघा, दहाला थांबा, चारनंतर पुन्हा दोन तास. तहान लागायची वाट न बघता दर थांब्यावर पाणी, आणि दिवसातून दोनदा मीठ-साखरेचं. नुसतं पाणीच पीत राहिलात तर अंगातलं मीठ कमी होऊन डोकं दुखतं, मळमळतं. लघवी गडद पिवळी दिसली तर तासभर सावलीत बसा. सोबतच्या माणसाचा घाम थांबून अंग तापलं, तो असंबद्ध बोलू लागला, तर सावलीत निजवा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ बोलवा.

नर्मदापुरम, हंडिया मागे पडलं की घर दिसायला लागतं आणि लोक पुन्हा तीस-पस्तीस किलोमीटर मारतात. इंदिरा सागरचा वळसा शेवटीच येतो आणि तो लांब आहे. शेवटचे आठ दिवस वीसच्या वर जाऊ नका.

शेवटची तपासणी, क्रमानेच: ज्या घाटावरून निघालात त्याच घाटावर या. स्नान करा. नर्मदापूजन, कन्यापूजन, कढाई. वहीत सुरुवातीला लिहून घेतलेलं पान उघडून काही राहिलं का ते बघा. पूर्ती झाली असं पुजाऱ्याने सांगितल्यावरच जलाची बाटली हातात घ्या, पूल ओलांडा आणि ते जल ओंकारेश्वराला वाहा.